पहिला हप्ता कुठे जातो, ते विचार

अरे, थायलंडमधल्या फुकेतच्या फ्लॅटचं माहितीपत्रक तू पाठवलंस, ते मी नीट वाचलं. समुद्र आहे, पोहण्याचा तलाव आहे, पाच वर्षं सात टक्के हमीभाडं आहे, आणि शेवटच्या पानावर पुण्यातल्या हॉटेलात भरणाऱ्या प्रदर्शनाची तारीख आहे. जमीन कुणाच्या नावावर आहे, ते मात्र कुठेच नाही. तू आणि सूनबाई प्रदर्शनाला जाणार असाल तर जरूर जा. पण माझी नोकरी बँकेच्या परकीय चलन विभागात गेली. परदेशात घरासाठी पैसे पाठवणारी माणसं मी समोर बसवून फॉर्म भरून घेतली आहेत. तेव्हा जाण्याआधी आत्याचं ऐकून घे.

बांधकाम पुरं होण्याआधी तुझ्या हाती येतो तो परक्या देशातल्या एका कंपनीचा शब्द. तो पाळला गेला नाही तर भांडायचं तिथल्या कोर्टात, तिथल्या वकिलामार्फत, तिथल्या भाषेत. म्हणून फोटो बाजूला ठेव आणि पैशाच्या मागे जा. तू भरलेला पहिला हप्ता कुणाच्या खात्यात पडतो? तिथून तो कशासाठी बाहेर निघतो? आणि काढायला कुणाची सही लागते? या तीन प्रश्नांना लेखी उत्तर मिळत नसेल तर चहा पिऊन घरी ये.

हे मी का म्हणते, ते ब्रिटनमधल्या एका प्रकरणावरून सांगते. तिथे हार्लेक्विन प्रॉपर्टी नावाची कंपनी होती, एसेक्समधून चालायची. कॅरिबियन बेटांवर, म्हणजे सेंट व्हिन्सेंट, बार्बाडोस, सेंट लुशिया अशा ठिकाणी, सुट्टीच्या रिसॉर्टमधले व्हिला आणि खोल्या ती बांधण्याआधीच विकायची. घेणाऱ्याने किमतीच्या ३० टक्के आधी भरायचे, बाकीचे घर तयार झाल्यावर. ऐकायला किती सोयीचं! पण त्या ३० टक्क्यांतला साधारण निम्मा भाग विकणाऱ्यांच्या दलालीत आणि कंपनीच्या खर्चात जात होता. उरलेल्या पंधरा टक्क्यांत अख्खं घर उभं राहत नाही. मग ते दुसऱ्याच्या हप्त्यातून उभारायचं, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या. विक्री चालू आहे तोवर हे चक्र फिरतं. सेंट व्हिन्सेंटमध्ये बकमेंट बे इथे रिसॉर्टचा काही भाग खरोखर बांधला गेला, २०१० मध्ये तो सुरूही झाला. विकलेल्या घरांच्या मानाने बांधलेली घरं फारच थोडी होती. आठ हजारांहून जास्त लोकांचे पैसे बुडाले. त्यांतल्या कितीतरी जणांनी निवृत्तीसाठी साठवलेली पेन्शनची रक्कम त्यात घातली होती. कंपनीचा प्रमुख डेव्हिड एम्स याला २०२२ मध्ये लंडनच्या साउथवर्क क्राउन कोर्टाने १२ वर्षांची शिक्षा दिली. फसवणुकीचा आकडा होता २२.६ कोटी पाउंड.

लक्षात घे, ही माणसं अडाणी नव्हती. त्यांच्या देशात चांगली न्यायालयं आहेत, कडक वित्तीय नियामक आहे. पण परदेशी घराची विक्री त्या नियामकाच्या कक्षेतच येत नव्हती. त्याने इशारा दिला तो २०१३ च्या जानेवारीत, आणि तोही लोकांना तिकडे पैसे लावायला सांगणाऱ्या सल्लागारांना. तोवर बरेचसे पैसे जाऊन चुकले होते.

आपल्याकडे रेरा कायदा २०१६ चा. त्यात बिल्डरने ग्राहकांकडून घेतलेल्या पैशातले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि काम झालं असेल तेवढेच, वास्तुविशारद, अभियंता आणि सीए यांच्या दाखल्यावर काढायचे. तू हिंजवडीला फ्लॅट घेतलास तेव्हा महारेराचा क्रमांक तपासला होतास ना? फुकेतच्या बिल्डरला महारेरा विचारू शकत नाही. प्रदर्शन पुण्यात भरलं म्हणून व्यवहार पुण्याचा होत नाही. म्हणून त्या देशात रेराच्या या वेगळ्या खात्यासारखं काय आहे, ते सक्तीचं आहे की बिल्डरच्या मर्जीवर, हे आधी शोध. विक्रेता म्हणेल, "आमच्याकडेही असं एस्क्रो खातं आहे, मॅडम." मग एस्क्रो कुठल्या कायद्याखाली आहे आणि पैसे कुठल्या टप्प्याला सुटतात, तो करार मागायचा.

दुबईचं बघ. परदेशी लोकांना मालकी हक्काने घरं घ्यायची मुभा २००२ मध्ये मिळाली आणि विक्रीला उधाण आलं. ग्राहकांचे पैसे प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायला लावणारा कायदा आला २००७ मध्ये. मधली पाच वर्षं लोक नकाशे बघून पैसे भरत होते. २००८ च्या अखेरीस बाजार कोसळला आणि २००९ च्या नोव्हेंबरात दुबई वर्ल्ड या सरकारी समूहानेच कर्ज फेडायला मुदत मागितली. समुद्रात भराव घालून पाम देइरा नावाचं भलंमोठं बेट होणार होतं, ते त्या रूपात कधी झालंच नाही. जगाच्या नकाशाच्या आकाराची सुमारे ३०० बेटं तयार झाली, पण त्यांतली बहुतेक रिकामी पडून राहिली. आता तिथली व्यवस्था पुष्कळ सुधारली आहे, हे मी मोकळेपणाने सांगते. दुबईत घ्यायचंच असेल तर पैसे फक्त प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यात भर, एजंटच्या किंवा बिल्डरच्या चालू खात्यात एक दिऱ्हामही नको. प्रकल्पाची नोंदणी आणि काम किती झालं ते जमीन विभागाच्या दुबई रेस्ट या ॲपवर स्वतः बघ. आणि तुझ्या नावाची प्राथमिक नोंदणी, ज्याला तिथे ओकूद म्हणतात, ती झाल्याचा कागद मिळेपर्यंत मागे लाग. जमीन विभागाची ४ टक्के फी असते, ती किमतीत धरलेली आहे का तेही विचार. बहुतेक वेळा नसते.

स्पेनची गोष्ट मला जास्त बोचते, कारण तिथे कायदा १९६८ पासून होता. बांधकामाआधी पैसे घेतले तर बिल्डरने बँकेची हमी किंवा विमा द्यायचा, पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे. पण घेणाऱ्या अनेकांनी, विशेषतः उत्तर युरोपातून आलेल्यांनी, हमीपत्र मागितलंच नाही. काहींना ते मिळेल असं नुसतं सांगितलं गेलं. २००८ नंतर बिल्डर बुडाले तेव्हा हाती पावत्याच होत्या. शेवटी २०१५ च्या डिसेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हमीशिवाय हे पैसे आपल्या खात्यात घेणाऱ्या बँकाही जबाबदार आहेत, आणि लोकांना पैसे मिळायला लागले. सात-आठ वर्षं कोर्टात घालवून. हमीपत्र तुझ्या नावाचं, तुझ्या रकमेचं, तुझ्या फाइलमध्ये असेल तरच ती हमी धर.

आता जमीन. मुळशीला गुंठाभर जागा घ्यायची असली तरी तुझा बाबा सातबारा, फेरफार आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागतो. समुद्रापलीकडचं घर घेताना माणसं हे सगळं विसरतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही. कॉन्डोमिनियममधला फ्लॅट होतो, पण एका इमारतीतल्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच. हा कोटा भरला असेल तर तुला तीस वर्षांचा भाडेपट्टा पुढे करतील आणि वर "पुढे आणखी तीस आणि तीस" म्हणतील. नोंदवलेला पट्टा तीस वर्षांचाच असतो. पुढच्या तीसचा नुसता करार असतो, आणि तो पाळायला तेव्हा तो बिल्डर असेल का, कोण जाणे. तुझ्या माहितीपत्रकात फ्लॅट कोट्यातला आहे की पट्ट्यावरचा, ते लिहिलेलं नाही. हाच पहिला प्रश्न विचार. व्हिला असेल तर एजंट म्हणेल, थाई कंपनी काढू, तिच्यात थाई भागीदार नावापुरते ठेवू. असे नावापुरते भागीदार तिथे बेकायदा आहेत. त्या वाटेला जाऊ नकोस.

बालीतही तेच. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्याप्रमाणे पूर्ण मालकी फक्त तिथल्या नागरिकाला. परदेशी माणसाला वापराचा हक्क किंवा भाडेपट्टा मिळतो. एखाद्या स्थानिकाच्या नावावर जमीन घ्यायची आणि त्याच्याशी खासगी करार करायचा, ही पद्धत तिथे राजरोस सांगतात. तो करार कोर्टात टिकत नाही. ज्याच्या नावावर जमीन, त्याची जमीन.

आणि जमिनीचा मूळ मालक कोण होता, हेही बघायचं. १९७४ मध्ये तुर्की सैन्याने सायप्रसचा उत्तर भाग घेतला आणि तिथले ग्रीक सायप्रियट घरदार सोडून दक्षिणेत गेले. त्यांच्या जमिनींवर पुढे व्हिला उठले आणि ब्रिटिश लोकांनी स्वस्तात घेतले. लापिथोस गावातल्या एका जमिनीच्या मूळ मालकाने दक्षिणेतल्या न्यायालयात ब्रिटिश दांपत्यावर दावा लावला. घर पाडा, जमीन परत द्या, भरपाई द्या, असा निकाल लागला. युरोपीय न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये सांगितलं की ब्रिटनमधल्या न्यायालयांनीही हा निकाल मानायचा. म्हणजे सुट्टीच्या घरापायी त्यांच्या इंग्लंडमधल्या मालमत्तेवरही वसुलीची वेळ आली. बेटाच्या दक्षिण भागात वेगळीच अडचण होती. लोकांनी पूर्ण पैसे भरले, राहायला गेले, पण जमीन बिल्डरच्या नावावर आणि बँकेकडे गहाण. बिल्डर थकला की बँक आधी, घर घेणारा नंतर. त्यांच्यासाठी २०१५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. गहाणखत आहे का आणि ते कधी सुटणार, हे करारात लिहून घेतल्याशिवाय सही करू नकोस.

हमीभाड्याने तू खूश झालास, ते तुझ्या मेसेजवरून कळलं. वही घे आणि माझ्याबरोबर हिशेब कर. समज, फ्लॅट ७० लाखांचा. सात टक्क्यांनी वर्षाला ४ लाख ९० हजार, पाच वर्षांचे साडेचोवीस लाख. आता त्याच भागात तसाच, वापरलेला फ्लॅट कितीला विकला जातो ते तिथल्या स्थानिक संकेतस्थळांवर बघ. समज, ५८ लाखांना. वरचे १२ लाख तू जास्त दिलेस. म्हणजे हमीभाड्यातले जवळपास निम्मे पैसे तुझेच, तुला हप्त्याहप्त्याने परत येणारे. आणि हमी कुणाची? बहुधा बिल्डरनेच काढलेल्या छोट्या कंपनीची, जिच्याकडे स्वतःचं काही नसतं. ती बंद पडली की हमी संपली. पाच वर्षांनंतरचा आकडा माहितीपत्रकात नसतो. रिसॉर्ट चालवणाऱ्याचा वाटा, देखभाल, विमा, फर्निचर बदलणं, ओस पडलेले पावसाळी महिने, हे सगळं वजा करून खरं भाडं काय उरतं, ते विचार. गेल्या तीन वर्षांचे हिशेब मागायचे, ज्या इमारती तयार होऊन चालू आहेत त्यांचे. नवीन प्रकल्प असेल तर त्याच बिल्डरच्या जुन्या इमारतीचे.

शिवाय सुट्टीला येणाऱ्यांना चार-चार दिवस भाड्याने देता येतं की नाही, हाही कायद्याचाच प्रश्न आहे. थायलंडमध्ये महिन्याहून कमी मुदतीने दिलं की हॉटेल कायद्याच्या अटी लागू होतात, आणि पुष्कळ कॉन्डोमिनियमच्या स्वतःच्या नियमांत त्याला मनाई असते. बार्सिलोना शहराने तर २०२८ पर्यंत पर्यटकांना देण्याच्या फ्लॅटचे परवानेच संपवायचं ठरवलं आहे. ज्या धंद्यावर तुझं भाडं अवलंबून आहे, तो धंदा तिथल्या रहिवाशांना नकोसा झाला की एका ठरावाने बंद होतो.

विकायची वेळ आली तर कोण घेणार, हे घेतानाच बघायचं. बल्गेरियात काळ्या समुद्राकाठच्या सनी बीचला आणि बान्स्कोच्या डोंगरात, देश २००७ मध्ये युरोपीय संघात जाणार म्हणून धडाधड फ्लॅट बांधले. एकासारखे एक, हजारो. घेणारे सगळे बाहेरचे होते. ते थांबले तेव्हा विकायला निघालेल्याला गिऱ्हाईक मिळेना, आणि देखभालीचं वार्षिक बिल मात्र येतच राहिलं. तिथला स्थानिक शिक्षक किंवा डॉक्टर हे घर घेईल का? उत्तर नाही असेल तर ते घर तू फक्त दुसऱ्या परदेशी माणसालाच विकू शकतोस.

आता माझ्या खात्याचं बोलते, कारण इथे माणसं नकळत गुन्हा करून बसतात. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. वर्षात १० लाख रुपयांच्या वर जे जाईल त्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, घेते. ५० लाख पाठवलेस तर ४० लाखांवर, म्हणजे ८ लाख आणखी हाताशी हवेत. ते विवरणपत्रात वळते होतात, पण तोवर अडकतात. या पैशासाठी बँक कर्ज देऊ शकत नाही, तेव्हा पुण्याचं घर तारण ठेवून पैसे उभे करण्याचा विचारही करू नकोस. प्रदर्शनात क्रेडिट कार्ड पुढे करून टोकन भरू नकोस. पैसे बँकेतून, ए-टू फॉर्म भरून, खरं कारण लिहून जाऊ देत. आणि कुणी कानात सांगितलं की इथे रोख द्या, तिकडे दिऱ्हाम मिळतील, तर तिथून उठून ये. तो हवाला आहे, फेमा कायद्याखाली रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होतो.

हप्त्यांची योजना असेल तर आणखी एक. आज नियम असा आहे म्हणून तीन वर्षांनी तसाच असेल, असं धरू नकोस. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया घसरत होता तेव्हा रिझर्व्ह बँकेने ही मर्यादा २ लाख डॉलरवरून एकदम ७५ हजारांवर आणली, आणि या वाटेने परदेशात घर घेण्यावर बंदीही घातली. ती पुढे उठली. पण ज्यांचे हप्ते मध्येच होते त्यांची तेव्हा काय घालमेल झाली असेल, विचार कर. करारात बिल्डर लिहितो की हप्ता चुकला तर भरलेले पैसे जप्त. भारत सरकारचा नियम बदलला तर काय, हे कलम तुझ्या वकिलाकडून घालून घे. ताबा मिळाल्यावरही वर्षानुवर्षं चालणारे हप्ते असतील तर ते उधारीसारखे दिसतात, म्हणून आधी बँकेला आणि सीएला लेखी विचार. चलनाचाही धोका तुझाच. हप्ते बाथ किंवा डॉलरमध्ये आणि पगार रुपयात, म्हणजे रुपया पडेल तेवढं घर महाग होत जाणार.

थायलंडला पैसे पाठवताना ते परकीय चलनात जाऊन तिथल्या बँकेत बाथ व्हायला हवेत. तिथली बँक त्याचा दाखला देते, तो जमीन कार्यालयात नोंदणीला लागतो आणि पुढे विकून पैसे परत आणतानाही. इथेच बाथ करून पाठवलेस तर खोळंबा होईल.

घर घेतल्यावर ते दरवर्षी विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचं, भाडं एक पैसाही आलं नाही तरी. लपवलं तर काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून सूट मिळाली, पण घर-जमीन त्या सुटीत नाही. भाड्यावर तिथे कर भरलास तरी इथेही दाखवायचं. तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते, त्याचे कागद जपून ठेव.

वकील तू शोध, फी तू दे. बिल्डरने सुचवलेला वकील कितीही गोड बोलला तरी त्याला उद्याचं काम बिल्डरकडूनच मिळणार आहे. इंग्रजी करार आणि थाई करार दोन्ही असतील तर कुठला बंधनकारक, ते त्याच वकिलाला विचार. त्या देशातलं मृत्युपत्रही त्याच्याकडूनच करून घे, कारण तुझ्या माघारी मुलांनी परक्या कोर्टात वारसा दाखल्यासाठी खेटे घालू नयेत.

आणि सूनबाईचं. तुझी एकट्याची मर्यादा पुरली नाही की एजंट म्हणेल, मिसेसच्या खात्यातूनही पाठवा. पाठवता येतात, पण घर घेण्यासाठी अशी भर घालायची तर तिचं नाव मालकीत असावंच लागतं, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे तो. तेव्हा तिची सही फक्त ए-टू फॉर्मवर घेऊ नकोस. करार तिला पूर्ण वाचायला दे, वकिलाशी तिला स्वतः बोलू दे, तिला पटलं तरच पुढे जा. आणि प्रदर्शनात "आजच बुक केलं तर सवलत" म्हणून आरक्षणाचा फॉर्म पुढे केला, तर टोकन किती दिवसांत आणि कुठल्या कारणांनी परत मिळतं ते त्याच फॉर्मवर लिहून घ्या. लिहून दिलं नाही, तर फॉर्म कोराच परत द्या.